फ्रेश, सेकंड, चिंधी

मी पहिल्यांदा मंगळावर गेले ती सुरतच्या पांडेसऱ्यातल्या एका साडी मिलच्या फोल्डिंग खात्यातून. दुपारची जेवणाची सुट्टी होती, डब्यात भरली वांगी होती, आणि मंगळावर उतरल्या उतरल्या मी पहिलं काम केलं ते म्हणजे बोटं चाटली. मास्तर पलीकडून गरजले, "आधी हात धू! तेलाचा डाग मंगळावरून पण निघत नाही!"

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. मिलमध्ये प्रत्येक खात्याच्या प्रमुखाला मास्तरच म्हणतात. रंगाचा मास्तर, छपाईचा मास्तर, तसे हे फोल्डिंगचे मास्तर. त्यांना नाव होतं, पगाराच्या पाकिटावर ते छापलेलंही असायचं, पण त्या नावाने त्यांना कोणी हाक मारलेली मी ऐकली नाही. छापून, धुऊन, वाळून आलेल्या साड्या शेवटी आमच्या खात्यात येत. बारा टेबलं, बारा माणसं. साडी टेबलावरून सरकवत न्यायची, डोळ्यांत तेल घालून खराबी शोधायची, चिठ्ठी लावायची आणि घडी घालायची. चिठ्ठीवर वर टेबलाचा नंबर, मध्ये दोष, आणि शेवटी तीनपैकी एक शब्द. बिनदोष असेल तर 'फ्रेश', थोडी खोट असेल तर 'सेकंड' आणि पार वाया गेलेली असेल तर 'चिंधी'. मी डिंडोलीहून येणारी, नुकती बी.कॉम. झालेली, माल रवाना करणारी कारकून. माझं टेबल मास्तरांच्या टेबलाला चिकटून होतं. म्हणजे नाटकाला पहिल्या रांगेतली खुर्ची, आणि तीही फुकट.

मास्तर अमळनेरकडचे. उंची बेताची, केस त्याहून बेताचे, आवाज मात्र यंत्रांच्या वर चढायला शिकलेला. मराठी बोलायचे छान, पण आनंद झाला किंवा राग आला की घरची अहिराणी बाहेर पडायची. त्यांचे शर्ट ही तर बघण्याची चीज होती. छपाई बिघडलेल्या कापडाखेरीज दुसऱ्या कापडाचा शर्ट त्यांनी कधी शिवला नाही. एका शर्टाच्या पाठीवर दोन चोचींचा मोर होता. कोणी पाहुणा आला की मास्तर त्याच्याकडे पाठ करून उभे राहायचे आणि सांगायचे, "छपाईची जाळी अर्धा इंच सरकली आणि हा जन्मला. असा मोर ब्रह्मदेवाला पण जमलेला नाही."

खात्याच्या मागे चिंध्या ठेवायची एक खोली होती. तिथे एक लोखंडी कपाट होतं आणि कपाटात पुस्तकं. बमरोली रस्त्यावरच्या पस्तीवाल्याकडून, म्हणजे रद्दीवाल्याकडून, दर रविवारी मास्तर ती उचलून आणत. मराठी, हिंदी, गुजराती, जे मिळेल ते. पण विषय तीनच. एक, विज्ञानकथा, म्हणजे चंद्र, मंगळ आणि अजून न उजाडलेली वर्षं. दोन, चित्रकार, मूर्तिकार, गवई यांची चरित्रं. आणि तीन, कामाच्या जागी माणसाचं मन कसं चालतं हे सांगणारी, साहेब लोकांसाठी लिहिलेली, चकचकीत पुस्तकं. चौथ्या विषयाला त्या कपाटात जागा नव्हती. एकदा मी घरून पाककृतींचं पुस्तक आणून दिलं, तर ते त्यांनी कपाटाच्या पायाखाली लावलं. कपाट तेव्हापासून डुगडुगायचं थांबलं, हे मात्र कबूल.

प्रत्येक पुस्तकाला ते कापडाची बांधणी करायचे. विज्ञानकथांना जाळी सरकलेलं कापड, ज्यात फुलाची रेष एकीकडे आणि रंग दुसरीकडे. कलावंतांच्या चरित्रांना रंग सांडलेलं. आणि साहेब लोकांच्या पुस्तकांना ग्रे, म्हणजे रंगाचा हातही न लागलेलं कोरं कापड.

"यांना ग्रे का हो मास्तर?" मी विचारलं होतं.

"बघितलं लावून," ते गंभीरपणे म्हणाले. "रंग धरत नाहीत."

मग तीन विषयच का, हेही एकदा विचारलं. तेव्हा ते चहाची बशी खाली ठेवून बोलले, म्हणजे प्रकरण महत्त्वाचं होतं. "मंगळावर जायचं ते मंगळासाठी नाही. तिथून पांडेसरा कसा दिसतो ते बघायला. चित्रकाराचं वाचायचं, कारण त्याच्या डोक्यावर पण एक शेठ बसलेला असायचा आणि तरी त्याने चित्र काढलं. आणि साहेब लोकांचं वाचायचं, कारण शेठ ते वाचणार आहे. शेठ वाचायच्या आधी आपलं वाचून झालेलं पाहिजे."

महिन्याच्या पहिल्या सोमवारी बारा टेबलांवर बारा पुस्तकं पडत. कोणाला कोणतं, ते मास्तर ठरवणार. पुस्तक द्यायच्या आधी स्वतः वाचणार, आणि वाचून झालं की त्याची चिठ्ठी लिहिणार. साडीची लिहितात तशीच, त्याच कागदावर, वर टेबलाचा नंबर, मध्ये गुणदोष, शेवटी फ्रेश, सेकंड की चिंधी. पुस्तकाचं नाव कुठेच नाही; पुस्तकाच्या पाठीला मात्र त्याच टेबलाचा नंबर चिकटवलेला. माल देशभर जायचा म्हणून मिलचा नियम होता की चिठ्ठी हिंदीत लिहायची, तर पुस्तकांच्या चिठ्ठ्याही ते हिंदीतच लिहीत. मी इथे मराठी करून सांगते आहे. आणि चिठ्ठीत क्रियापद चालायचं नाही. "क्रियापद म्हणजे कागदाची नासाडी," असं त्यांचं मत होतं. आणखी एक म्हणजे, एकदा लिहिलेली चिठ्ठी बदलायची नाही. मत वेगळं असेल तर दुसरी चिठ्ठी लिहायची आणि पहिलीच्या शेजारी टोचायची. महिना संपला की पुस्तकं कपाटात आणि चिठ्ठ्यांचा गठ्ठा साडीच्या रिकाम्या खोक्यात.

ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना शेजारच्याने जेवताना वाचून दाखवायचं. आणि वाचणाऱ्याला मध्ये कोणी हाक मारायची नाही. स्वतः शेठ आला तरी नाही. एकदा खरंच मोठे शेठ आले आणि टेबल पाचवर वाचन चाललेलं बघून दारात थांबले. मास्तरांनी ओठांवर बोट ठेवलं. मोठे शेठ परिच्छेद संपेपर्यंत उभे राहिले, आणि जाताना हळूच विचारून गेले, "पछी शुं थयुं?" मग पुढे काय झालं!

पुस्तक हे मास्तरांच्या हातून औषधासारखं मिळायचं. माझा मंगळ असाच. तिसऱ्यांदा बघायला आलेल्या मुलाकडून नकार आला होता आणि मी तोंड पाडून पावत्या फाडत होते. मास्तरांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "तुले जरा लांब धाडनं पडी व माय." आणि धाडलं. तीन आठवड्यांनी मी परत आले तेव्हा त्या मुलाचं नावही मला आठवेना. पुढे चौथा आला तो वाचणारा निघाला, पण ती गोष्ट वेगळी.

सुमनमावशींची ओळख करून द्यायला हवी, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरूनच घडलं. टेबल नंबर सात. बाई पन्नाशीच्या, डिंडोलीच्याच, आमच्या मागच्या गल्लीतल्या. नवऱ्याचा हात लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, अपघातात गेलेला, घर सगळं मावशींच्या घड्यांवर. नजर अशी की साडीवरच्या दोनशे फुलांमधलं एक फूल आजारी असलं तरी त्यांना कळायचं. पण हळू! दुसऱ्यांच्या तीन साड्या झाल्या की मावशींची एक व्हायची.

मास्तरांचा एक खेळ होता, 'तीनशे वर्षांनंतर'. सगळ्यांनी आपण तीनशे वर्षांनंतरची माणसं आहोत असं धरायचं आणि खात्यातली एखादी वस्तू पहिल्यांदाच बघतोय असं बोलायचं. एकदा त्यांनी साडी उंच धरली. "हे काय असेल?"

"रस्त्यावर पसरायचं असेल," भिका म्हणाला. भिका म्हणजे टेबल दोन.

"बाईला भिंतीला बांधून ठेवायला असेल," सुमनमावशी म्हणाल्या, आणि सगळं खातं पोट धरून हसलं. मग त्यांनीच विचारलं, "मास्तर, तवा बी बाईच घडी घालत असंल का?"

"नाही मावशी. मशीन घालेल."

"मंग बाई काय करंल?"

"वाचेल."

मावशींनी साडी हातात घेतली, एक टोक हनुवटीखाली धरलं आणि घडी घालायला सुरुवात केली. "तीनशे वर्सं लई लांब हाय," त्या म्हणाल्या.

त्या ग्रे कापडातल्या पुस्तकांचे प्रयोग मात्र मास्तर वरच्या दिशेने करत. एका पुस्तकात लिहिलं होतं की माणसाचं कौतुक केलं की त्याच्याकडून काम नीट होतं. मास्तरांनी धाकट्या शेठचं कौतुक करायला घेतलं. सकाळी त्यांच्या बुटांचं, दुपारी निर्णयाचं, संध्याकाळी गाडी लावण्याच्या पद्धतीचं. चौथ्या दिवशी धाकट्या शेठने त्यांना केबिनमध्ये बोलावून दार लावलं आणि काळजीने विचारलं, "मास्तर, रजा जोईए छे?" रजा हवी आहे का!

याच धाकट्या शेठने एके दिवशी जाहीर केलं की कॅमेऱ्याने साडी तपासणारं मशीन येतंय. सध्या एकच, प्रयोग म्हणून. त्याला जागा लागेल एका टेबलाची. टेबल जाणार म्हणजे टेबलावरचं माणूसही जाणार. कोण, ते ठरवायला अहमदाबादहून एक ट्रेनिंगवाले साहेब आणलेले. तरुण, गळ्यात ओळखपत्र, चेहऱ्यावर खरोखरचा चांगुलपणा. ते मास्तरांना म्हणाले, "तुमच्याइतकं या टीमला कोणी ओळखत नाही. मला प्रत्येकाबद्दल लेखी मत द्या. तुमच्या नेहमीच्या पद्धतीने, मोकळेपणी. सोमवारपर्यंत. त्यातून एक नाव आपल्याला काढायचं आहे."

नाव काय असणार ते बाराही टेबलांना ठाऊक होतं. सुमनमावशींनाही. त्या आठवड्यात त्या डबा उघडायच्या, बघायच्या आणि परत बंद करायच्या. पुस्तक टेबलावर तसंच पडून. शुक्रवारी माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "तू मास्तरांजवळ बसतीस. काई लिवलं का त्यांनी माझं?"

"मला दिसलं नाही मावशी."

"लिवू दे. खोटं नगं लिवू म्हनावं. हळू तर मी हाय."

मास्तर त्या आठवड्यात शर्टाबद्दलसुद्धा बोलले नाहीत. कोरे कागद पुढे घेऊन बसायचे. शनिवारी संध्याकाळी त्यांनी माझ्यापुढे दोन गठ्ठे ठेवले, साडीच्या किनारीच्या पट्टीने बांधलेले. "लाल पट्टीचा साहेबांना दे, केबिनमध्ये. हिरवा आपल्या पुस्तकांचा, संपलेल्या महिन्याचा. तो खोक्यात टाक."

आता माझा गुन्हा ऐका. मी तेव्हा गुरूच्या एका उपग्रहाभोवती फिरत होते. यानाचं इंधन संपत आलेलं, कप्तान बेशुद्ध, उतरायला जागा नाही, आणि बाहेर शिपाई म्हणतोय, ताई, साहेब निघाले, काय द्यायचं ते द्या. मी डोळे पुस्तकात ठेवून हात लांब केला, एक गठ्ठा त्याच्या हातात दिला आणि दुसरा खोक्यात टाकला. यान सुखरूप उतरलं. सोमवारी सकाळी खोकं उघडलं तर आत लाल पट्टी.

साहेबांकडे पुस्तकांच्या चिठ्ठ्या गेल्या होत्या. टेबल एक ते टेबल बारा, नाव कुठेही नाही. मी लाल गठ्ठा तसाच, पट्टी न सोडता, मास्तरांपुढे ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. मास्तर माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांचं पोट हलायला लागलं. मग खांदे. मग ते साड्यांच्या ढिगावर बसले आणि असे हसले, असे हसले की दोन चोचींचा मोर पाठीवर नाचायला लागला. डोळे पुसत म्हणाले, "काय करी टाकं व माय तू!"

"मी पळत जाऊन साहेबांना सांगते."

"बठ आठे." मला बसवून त्यांनी लाल गठ्ठा खिशात घातला. "साहेब वाचत असतील. वाचणाऱ्याला मध्ये उठवायचं नाही."

साहेब अकरा वाजता आले. हातात हिरव्या पट्टीचा गठ्ठा, चेहरा भारावलेला. "मास्तर," ते म्हणाले, "मी इतक्या कंपन्यांत गेलो, पण माणसांवर असं लिहिलेलं कुठे वाचलं नाही." आणि एकेका टेबलावर जाऊन त्यांनी बोलायला सुरुवात केली. मास्तर मागे हात बांधून सोबत, मी वही घेऊन त्यांच्या मागे.

टेबल दोनची चिठ्ठी अशी होती: 'अर्धा वेळ इथे, अर्धा दुसऱ्या ग्रहावर. परतीचा रस्ता बेपत्ता. मूळ कल्पना जोरदार. सेकंड.' साहेबांनी भिकाच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमचं लक्ष सध्या कुठे असतं?"

भिका लाजून लाल झाला. त्याचं लग्न ठरून आठवडा झाला होता आणि त्याने खात्यात कोणाला सांगितलं नव्हतं. "मास्तरांना कसं कळलं?" तो पुटपुटला.

टेबल चार: 'सुरुवात ढिली. चाळीसनंतर पकड घट्ट.' चाळीस म्हणजे चाळिसावं पान. तिथल्या काकांनी मान डोलावली. "खरं आहे साहेब. दारू सोडली तेव्हा एक्केचाळीस वर्षांचा होतो."

मी मास्तरांकडे बघायचं टाळत होते. त्यांनी खालचा ओठ दातांत धरला होता.

आणि मग टेबल सात. सुमनमावशी साडी सोडून उभ्या राहिल्या, पदर दोन्ही हातांत घट्ट धरून. त्या महिन्यात मास्तरांनी त्यांना एका चित्रकाराचं चरित्र दिलं होतं, जो एकेका चित्राला वर्षानुवर्षं लावायचा. साहेबांनी चिठ्ठी मोठ्याने वाचली. "'काम फार हळू. घरचा जाच, गिऱ्हाइकाची घाई, तरी हात तसाच शांत. नजर अशी की दुसऱ्यांना न दिसलेलं हिला आधी ठाऊक. घाईत वाया जाणारी चीज. वेळ आवश्यक. फ्रेश.'"

चित्रकार पुरुष होता, पण 'चीज' हिंदीतही स्त्रीलिंगी, आणि नजरही, म्हणून चिठ्ठी मावशींना चपखल बसली. नशीब कुठून मदत करतं बघा.

मावशी मास्तरांकडे बघत राहिल्या. "हे तुमी लिवलं? माझं?"

मास्तरांच्या ओठांवरचं हसू गेलं होतं. त्यांनी एक क्षण माझ्याकडे बघितलं, मग मावशींकडे. "अक्षर माझंच आहे मावशी," ते म्हणाले. "आणि त्यातला एकही शब्द मी मागे घेणार नाही."

टेबल नऊवर धाकट्या शेठचा मामेभाऊ बसायचा. कानात गाणी, बोलण्यात साखर, साडीवर हात, साडीकडे पाठ. त्याच्या वाट्याला ग्रे बांधणीतलं जाडजूड पुस्तक आलं होतं, जे त्याने अर्थातच उघडलेलं नव्हतं. चिठ्ठी म्हणत होती: 'वरून झकास, आतून पोकळ. तेच तेच बोलणं. मध्ये मध्ये स्वतःची आरती. हमखास झोप. चिंधी.' बारा चिठ्ठ्यांत चिंधी एकच.

केबिनमध्ये धाकट्या शेठने ती चिठ्ठी तीनदा वाचली. "मास्तर, आ तो मारो भाई छे."

"टेबल चुकलंय शेठ, माणूस नाही," मास्तर म्हणाले. "बोलायला चांगला आहे. आपल्या कापड मार्केटच्या दुकानात बसवा. घडी घालायला नको, घडी मोडायला बसवा."

धाकटे शेठ हसले, आणि नाव ठरलं. साहेबांनी तिथेच रिपोर्टवर सही करून तो शेठच्या हातात दिला. मी सुटकेचा श्वास अर्धा आत घेतला होता, तोच साहेब म्हणाले, "मास्तर, तुमचं ते कपाट बघायचंय. सगळे सांगतात."

कपाटापुढे साहेब लहान मुलासारखे रमले. त्यांनी नेमकं ग्रे बांधणीतलं जाड पुस्तक बाहेर ओढलं, उघडलं आणि आनंदाने ओरडले, "अरे! हे तर आमच्या गुरूंचं! प्रत्येक ट्रेनिंगला मी हे वाटतो. तुम्ही वाचलंत? कसं वाटलं?"

माझ्या मनात आलं, मास्तर, आता खोटं बोला. एकदाच. सुमनमावशींसाठी बोला. पुस्तकाबद्दल मात्र मास्तर खोटं बोलू शकत नसत.

"साहेब," ते म्हणाले, "त्याची चिठ्ठी तुमच्याकडेच आहे. नऊ नंबरची."

साहेबांनी हातातला गठ्ठा बघितला. पुस्तक बघितलं. कपाटातल्या पुस्तकांच्या पाठीला चिकटवलेले टेबलांचे नंबर बघितले, एक ते बारा. नऊ नंबरची चिठ्ठी काढून त्यांनी पुन्हा वाचली, मग सातची, मग चारची. त्यांचा चेहरा सुरतच्या आकाशासारखा रंग बदलत होता.

"मग मी सकाळपासून," ते सावकाश म्हणाले, "या लोकांशी पुस्तकांबद्दल बोलतोय?"

"बोललात तर माणसांशीच," मास्तर म्हणाले. "मला न सांगितलेलं त्यांनी तुम्हाला सांगितलं. रिपोर्ट बदलायचा असेल तर मी शेठकडे येतो. चूक आमच्या खात्याची."

माझी चूक त्यांनी खात्याची करून टाकली, हे माझ्या लक्षात आलं. साहेबांनी चिठ्ठ्या सरळ केल्या, हिरवी पट्टी नीट बांधली आणि गठ्ठा मास्तरांच्या हातात दिला.

"मला भिकाने सांगितलं," ते म्हणाले, "तुमच्याकडे एकदा लिहिलेली चिठ्ठी बदलत नाहीत म्हणून. तोच नियम रिपोर्टला." मग दारातून वळून जरा दुखावल्या आवाजात म्हणाले, "पण आमच्या गुरूंना एकदम चिंधी? सेकंड तरी द्यायचं होतंत."

"मत वेगळं असेल तर दुसरी चिठ्ठी लिहा," मास्तर म्हणाले. "शेजारी टोचतो."

त्यांनी लिहिली. 'उपयोगी. थोडं लांबलेलं. सेकंड.' ती अजून आहे.

दुसऱ्या दिवशी मास्तर स्टूल घेऊन आले आणि कोणाला न विचारता सुमनमावशींच्या डोक्यावरची ट्यूबलाइट उजवीकडून काढून डावीकडे लावली. इतकी वर्षं त्यांच्याच हाताची सावली साडीवर पडत होती. महिन्याभरात मावशींचा वेग दीडपट झाला. मशीन आलं, आणि फुलाची सावली दिसली तरी खराबी म्हणून किंचाळायला लागलं. त्याने नापास केलेल्या साड्या दुसऱ्यांदा तपासायला मावशींकडे यायच्या. मामेभाऊ आज मार्केटमधल्या दुकानात असा काही बोलतो की बाई दोन साड्या घ्यायला येते आणि पाच घेऊन जाते.

या सगळ्याला बरीच वर्षं झाली. मास्तर निवृत्त झाले, कपाट त्यांच्या डिंडोलीच्या घराच्या गॅलरीत आलं, आणि गल्लीतली बाया-माणसं आता तिथून चंद्रावर जातात. सुमनमावशी रोज दुपारी तिथे असतात. वाचतात. हळू.

गेल्या महिन्यात मी गेले होते. ते नऊ नंबरचं ग्रे पुस्तक सहज हातात घेतलं तर त्याची बांधणी उसवलेली. पुस्तक नव्याने बांधताना पुठ्ठा जाड व्हावा म्हणून मास्तर आत जुने कागद भरत. त्या कागदांमधून लाल किनारीची पट्टी बाहेर डोकावत होती.

मास्तर आत चहा करत होते. मी पट्टी सोडली. ज्या चिठ्ठ्या साहेबांकडे जायला हव्या होत्या त्या मी इतक्या वर्षांनी पहिल्यांदा वाचल्या. 'टेबल २. लग्नाची हवा. दोन महिन्यांनी ठीक. फ्रेश.' म्हणजे त्यांना ठाऊक होतं! 'टेबल ७. हळू. दिवा चुकीच्या बाजूला. दोष दिव्याचा. फ्रेश.' 'टेबल ९. जागा चुकीची. दुकानात सोनं. फ्रेश.' बाराच्या बारा फ्रेश. आणि खाली एक तेरावी, जिच्यावर नंबर नव्हता.

'मास्तर. वय भरपूर. वाचनाचं वेड, कामात लुडबूड. माणूस एक कमी करणं भागच, तर हाच. चिंधी.'

मास्तर दोन कप घेऊन बाहेर आले. माझ्या हातातला कागद त्यांनी बघितला आणि कप शांतपणे कठड्यावर ठेवले.

"अक्षर बरं होतं तेव्हा माझं," ते म्हणाले.

"मास्तर, तुम्ही स्वतःला काढणार होतात?"

"साहेबांनी एकच मागितला होता. बारा तपासले, एकही नापास होईना. मग तेरावा तपासायला घेतला."

"म्हणून तुम्ही त्या दिवशी एवढे हसलात."

"हसू नको तर काय करू?" त्यांच्या डोळ्यांत जुनी चमक आली. "मी शनिवारी घरी सांगून आलो होतो की आता सुटलो, आता गॅलरीत बसून वाचणार. आणि सोमवारी तू येऊन उभी! तुझ्या त्या यानापायी मला आणखी सहा वर्षं घड्या मोजत बसावं लागलं. आणि माफी मागत होतीस. माफी! मीच तुले पेढा देवाले पाहिजे व्हता."

मी टेबलावरची पेन्सिल उचलली आणि 'चिंधी' हा शब्द खोडायला गेले. त्यांनी माझा हात धरला.

"लिहिलेली चिठ्ठी बदलायची नाही."

तेव्हा मी कोरा कागद घेतला. बराच वेळ लागला. मास्तर चहा पीत, मान वाकडी करून माझ्या कागदाकडे न बघण्याचं नाटक करत होते. कोपऱ्यात सुमनमावशींनी पान उलटलं. मी लिहिलं:

'मास्तर. सुरुवात विचित्र. मध्ये बारा गाठी, सगळ्या हातच्या, एकही सुटलेली नाही. रंग पक्का. शेवट अजून लांब. वाचन चालू, कोणी उठवू नये. फ्रेश.'

मास्तरांनी चष्मा लावून चिठ्ठी वाचली. मग पुन्हा वाचली. चष्मा काढून शर्टाला पुसला, त्याच त्या मोराला, जो आता धुऊन धुऊन फिका झालाय पण दोन्ही चोची शाबूत आहेत. आणि टाचणी शोधत म्हणाले, "क्रियापदं जास्त झाली."